सौंसरच्या मिस्त्रीबाई

"बाई काहाले खाता?"

आमच्या दुकानात त्यांचं पहिलं वाक्य हे होतं. त्या पायऱ्या चढून आल्या. हातात जळक्या व्हार्निशचा वास मारणारी पिशवी होती. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. पॅन्ट दिसली, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्यांचा शर्ट दिसला, बारीक कापलेले केस दिसले, आणि ते सवयीनं म्हणाले, "या मिस्त्री, बसा."

त्या बसल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "मिस्त्रीबाई म्हणा जी शेठ. बाई काहाले खाता?"

बाबांनी चष्मा वर सरकवला. तेव्हा त्यांना नाकातली चमकी दिसली. आमचे बाबा कोणापुढं ओशाळणारे नव्हते, पण त्या दिवशी ओशाळले आणि तांब्याच्या तारेला नेहमीपेक्षा कमी भाव सांगून बसले.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. पांढुर्ण्यात आमचं मोटारपंपाच्या सामानाचं दुकान होतं आणि बाबांच्या हाताखाली मी नुकताच बसायला लागलो होतो. मिस्त्रीबाई सौंसरला राहत. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची, असं त्यांचं वाइंडिंगचं काम. हे काम त्यांच्या वडिलांचं होतं आणि वडिलांनंतर दुकान त्यांनीच चालवलं. तार, बेअरिंग, व्हार्निश न्यायला त्या बसनं आमच्याकडं येत.

तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर तुम्हीही तेच विचारलं असतं, जे सगळे विचारत. असे कपडे का? असे केस का? मिस्त्रीबाई चिडत नसत. उत्तर देत, फक्त प्रत्येकाला वेगळं. एका शेतकऱ्याला म्हणाल्या, "पदर पट्ट्यात गेला त मीच मोटारीसंग फिरीन ना." पोस्टमनला म्हणाल्या, "साड्या लय महाग झाल्या." एका म्हातारीला तर सांगितलं, की नवस बोलला आहे. म्हातारीनं हात जोडले.

एकदा दुकानात कोणी नव्हतं, तेव्हा मी विचारलं, "बाई, खरं कारण काय?"

"खरं सांगू का? मले आवडते."

"बस?"

"बस. तुम्हाले मिशा काहाले आवडतेत?"

माझा हात आपसूक मिशीवर गेला.

लोकांची मोठी पंचाईत व्हायची. मोटारीचं काम पुरुषाचं, कपडे पुरुषाचे, चालणं ऐटीतलं. तेव्हा मानानं वागवायचं म्हणजे पुरुषासारखं वागवायचं, असं लोकांना वाटे. रामाकोन्याकडच्या एका संत्रा बगीचेवाल्याच्या घरी लग्न होतं. यजमानानं मोठ्या अगत्यानं त्यांचं पान पुरुषांच्या पंगतीत, माझ्या शेजारी लावलं.

"बायकांची पंगत केव्हा हाय?" मिस्त्रीबाईंनी विचारलं.

"ते मागून बसते. उशीर होईन."

"होऊ द्या. मी तिकडंच बसतो."

"भूक नाही लागली का जी?"

"लागली त. पण तुमच्या पंगतीत संत्र्याचा भाव आन् विजेची बोंब याच्याबाहेर काही नसते. गप्पा सगळ्या तिकडं असतेत."

आणि खरोखरच थोड्या वेळानं बायकांच्या पंगतीतून जो हशा उठला, तो मांडवभर ऐकू आला. मधोमध निळा शर्ट आणि सभोवती नव्या साड्या. त्या एवढ्या खुशीत बसल्या होत्या, की यजमान माझ्या कानाशी म्हणाला, "आपण उगीच इकडं बसवून राहिलो होतो."

त्यांच्या घरी कुसुमबाई होत्या. रामाकोन्याच्या प्राथमिक शाळेत शिकवत. उंच, शांत, चष्मा लावणाऱ्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या. रोज सकाळी मिस्त्रीबाई त्यांना लुनावर मागं बसवून बसस्टँडवर सोडत आणि बस वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभ्या राहत. गल्लीतले लोक 'मैतरणी' म्हणत. काहीबाही बोलणारेही होते, पण ज्याची मोटार ऐन उन्हाळ्यात जळते, तो माणूस वाइंडिंगवालीबद्दल फार बोलत नाही.

मिस्त्रीबाईंनी मला मात्र एकदा स्वच्छ सांगितलं. मी त्यांच्या घरी तार पोचवायला गेलो होतो. कुसुमबाई आत चहा करत होत्या. मी असंच विचारलं, की तुम्ही लग्न का नाही केलं?

"केलं असतं त कुसुमशी केलं असतं," त्या म्हणाल्या. "पण नवरा होऊन नाही हां, भाऊ. लोकायले वाटते, मी घरात नवरा आहो. मी काहाले नवरा होऊ? एका घरात दोन बायका नांदत नाहीत का?"

आतून कुसुमबाईंचा आवाज आला, "त्यांना साखर किती ते विचारा आधी."

असं सुखाचं घर होतं ते.

आता छोटूचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय मिस्त्रीबाई पुऱ्या कळणार नाहीत.

छोटू माझ्या पाठचा, घरातलं शेंडेफळ. जन्मल्यावर मुलगी म्हणून त्याचं नाव ठेवलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्याला ते आवडत नाही. घरी सगळे छोटूच म्हणत. पुढं काय झालं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी लिहिताना 'तो' लिहितो. पण त्या काळी आम्ही सगळे 'ती' म्हणत होतो, आणि आमच्या बोलण्यात जे होतं ते तसंच ठेवतो.

छोटू कमी बोलायचा. शाळेतून आला की वेणी मानेमागं खोचून टाकायचा आणि घरातला बिघडलेला पंखा उघडून बसायचा. मॅट्रिक झाल्यावर घरात स्थळांची बोलणी सुरू झाली, तसा तो आणखी गप्प झाला. एकच गोष्ट त्याला माजघरातून बाहेर आणायची. मिस्त्रीबाईंचा आवाज ऐकला की तो खिळ्यांच्या पोत्यापाशी येऊन उभा राहायचा आणि एकटक पाहायचा.

आई चिडायची. "त्या बाईकडं काय पाहत राहते वं? डोक्यात भलतंच शिरन."

मला मात्र बरं वाटायचं. माझा हिशेब सरळ होता. छोटूला साडी आवडत नाही, लग्न नको, पान्हा हातात आला की खूश. म्हणजे छोटू मिस्त्रीबाईंच्या जातकुळीतली. आणि मिस्त्रीबाई तर मजेत जगत होत्या. मग भिण्यासारखं काय होतं? मी बाबांना म्हटलं, "छोटूला सौंसरला वाइंडिंग शिकायला ठेवू." बाबांनी हिशेबाची वही उघडली.

मग मुलाकडचे पाहुणे आले. छोटूला आईनं जांभळी साडी नेसवली. तो पोह्यांचा ट्रे घेऊन आला आणि पाटावर बसला. मुलाच्या मामांनी प्रेमानं विचारलं, "नाव काय, बेटा?"

छोटू पोह्यांकडं पाहत राहिला.

"लाजू नको. नाव सांग."

शेवटी दाराआडून आईनंच नाव सांगितलं. मामा बाबांकडं वळून हळूच म्हणाले, "मुलीले बोलता येते ना?"

"येते," छोटू म्हणाला.

"मग नाव सांग ना."

"ते नाही येत."

पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला आणि चांगल्या माणसांसारखे निघून गेले. बाबा ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. ट्रेमध्ये उरलेल्या पोह्यांकडं पाहत बसले आणि मग मला म्हणाले, "तू म्हणत होता ना सौंसरचं? घेऊन जा."

छोटूला घेऊन मी गेलो, तेव्हा मिस्त्रीबाईंचा आनंद पाहण्यासारखा होता. त्यांनी कुसुमबाईंना हाक मारली. "पाह्य वं, कोण आली! मायासारखीच पोट्टी हाय!" त्यांच्या तरुणपणी त्यांना असं कोणी दाखवायला नव्हतं. सगळं त्यांनी आपलं आपणच शोधलं होतं. आता त्यांना एक सोबतीण मिळाली होती आणि तिला सगळं शिकवायचं त्यांनी ठरवून टाकलं. जुनी कॉइल कशी काढायची, व्हार्निश किती वाळू द्यायचं, आणि कोणी कपड्यांवरून बोललं तर कसं हसून उत्तर द्यायचं. छोटूनं केस कापले. मिस्त्रीबाईंची जुनी पॅन्ट कुसुमबाईंनी त्याच्या मापाची करून दिली. हात तर त्याचा जात्याच चांगला होता. थोड्याच महिन्यांत तो एकट्यानं मोटार भरू लागला.

पण मिस्त्रीबाईंना आणखी एक गोष्ट शिकवायची होती. संक्रांतीनंतर गल्लीत हळदीकुंकवाची बोलावणी सुरू झाली. त्या दरवर्षी पॅन्ट-शर्टात जात, कुंकू लावून घेत, वाण आणत. त्यांनी छोटूलाही नेलं. "पुरुष मोटारीपुरते," त्या म्हणाल्या. "बायका आपल्या असतेत. त्याहिच्यात बसायले शीक."

मी त्या दिवशी संध्याकाळी सौंसरलाच होतो. दोघं परत आले ते मी पाहिलं. छोटू सरळ मागच्या टाक्यापाशी गेला आणि कपाळ धुवायला लागला. कुंकू केव्हाच गेलं होतं, तरी धूतच राहिला. मिस्त्रीबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांना मी पहिल्यांदाच इतकं चिडलेलं पाहिलं.

"लाज वाटते का तुले, बाई असण्याची?"

छोटूनं आणखी एक ओंजळ कपाळावर मारली.

"मी पॅन्ट घालून बाई राहिली. सारं सौंसर मले पुरुष बनवून राहिलं होतं, तरी राहिली. आन् तू कुंकू धुते?"

"तुमची लाज नाही वाटत, बाई," छोटू म्हणाला.

"मग?"

"तुम्ही बाई आहा. मी नाही."

"मग कोण आहे तू?"

कुसुमबाई आतून आल्या आणि दोघांच्या मध्ये उभ्या राहून म्हणाल्या, "आधी जेवून घ्या. भांडण काही शिळं होत नाही."

पण त्या दोघांत काहीतरी मोडलं होतं. पुढं काही दिवस ते फक्त मोटारीपुरतं बोलत होते. मिस्त्रीबाईंना खरंच लागलं होतं. ज्या शब्दासाठी त्या आयुष्यभर हसत हसत भांडल्या, तोच शब्द ह्या पोरीला नको होता. मला वाटलं, छोटू हट्टी आहे, आणि आता त्याला परत न्यावं लागणार.

मग एक दिवस मिस्त्रीबाई पांढुर्ण्याला आल्या. तार मागितली नाही. बाबा जेवायला घरात गेले होते. त्या स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. एरवी त्या कधी बसत नसत.

"भाऊ, आपण दोघंबी चुकून राहिलो होतो," त्या म्हणाल्या.

त्या आणि छोटू मोटार घेऊन बसनं मोहगावला निघाले होते. बस गच्च भरलेली. कंडक्टर ओरडला, "ओ भैया लोग, जरा पीछे सरको!"

"माया तोंडातून निघालंच, भैया नाही, बाई. सवयच हाय मले. मग म्हटलं, छोटूचं बी सांगून टाकू. तोंड उघडलं, त्याच्याकडं पाहिलं आन् थांबली."

"का?"

"त्याचं तोंड पाहाले पाहिजे होतं तुम्ही. कंडक्टर दोघायले ओरडला होता, पण त्याले असं वाटलं जसं काही त्यालेच कोणी नाव घेऊन हाक मारली. मोहगाव येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहून हसून राहिला होता. मले भैया म्हटलं का आंगावर काटा येते, भाऊ. त्याले ताई म्हटलं का तसाच येते. मी ते चेहऱ्यावर पाहिलं होतं त्याच्या, हळदीकुंकवात बी पाहिलं होतं. मले वाटलं लाज हाय. लाज नव्हती ते."

मी ऐकत होतो, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "छोटूच्या तोंडून तुम्ही कधी 'मी गेली' ऐकलं का?"

हे तुम्हाला जरा समजावून सांगायला हवं. आमच्या बोलीत बाईसुद्धा 'मी जातो, मी करतो' म्हणते. पुण्यामुंबईचे लोक त्याला हसतात. त्यामुळं आजच्या गोष्टीत बाई-पुरुष एकसारखेच बोलतात. पण झालेल्या गोष्टीत फरक पडतो. बाई 'मी गेली' म्हणते, पुरुष 'मी गेलो'.

मी आठवू लागलो. 'छोटू, जेवली का?' असं विचारलं की तो म्हणायचा, 'झालं जेवण.' 'कुठं गेली होती?' 'बाजारात.' 'केव्हा आली?' 'आत्ताच.' लहानपणापासून सारं असंच. एका अक्षराला वळसा घालत घालत माझ्या घरात एक माणूस मोठं झालं होतं, आणि आम्हाला वाटत होतं की छोटू अबोल आहे.

"मी गेली म्हणतो, आली म्हणतो," मिस्त्रीबाई म्हणाल्या, "माया तोंडाले काही होत नाही. त्याच्या तोंडातून ते निघतच नाही. तुमची बहीण नाही ते, भाऊ. भाऊ हाय तुमचा."

मी समोरचं तारेचं भेंडोळं उगाच सरकवलं. आणि मग जे बोललो ते असं होतं: "मग बाई, तुम्ही बी…?"

त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! इतके वर्स झाले, मी काय सांगून राहिली? मी बाई आहो. पॅन्ट घालणारी बाई. कुसुमवर जीव असणारी बाई. मी उद्या धोतर नेसलं तरी बाईच राहीन. अन् त्याले तुम्ही जांभळी साडी नेसवली, तेव्हा बी तो पोट्टाच होता. कपडे एक असले म्हणून माणसं एक होतेत का?"

"हे त्यानं सांगितलं तुम्हाला?"

"मी विचारलं. मोहगावच्या स्टँडवर उतरलो आन् विचारलं, तुले काय म्हणू? तो म्हणे, सुधाकर. झटकन म्हणे. कवाचं तयार ठेवलं होतं कोणास ठाऊक."

त्या उठल्या. पिशवी खांद्याला लावली. जाता जाता म्हणाल्या, "मले बी वाईट वाटलं थोडंसं, खोटं काहाले बोलू. वाटलं होतं, सोबतीण भेटली. सोबतीण नाही भेटली. पोरगा भेटला. तेबी चांगलंच हाय."

"पण आता करायचं काय?"

"काही नाही. सुधाकर म्हणायचं. वाइंडिंग त तो करूनच राहिला."

पुढच्या खेपेला मी स्वतः तार घेऊन सौंसरला गेलो. बसमध्ये ते नाव मनातल्या मनात म्हणून पाहत होतो. तो दुकानाच्या दारात मोटार उघडून बसला होता. मी म्हटलं, "सुधाकर, तार आणली."

त्यानं वर पाहिलं नाही. हातातला पान्हा तसाच राहिला. मग म्हणाला, "ठेव तिथं, दादा. हात खराब हायेत. मी सकाळपासून तुझी वाट पाहून राहिलो होतो."

राहिलो. मी तार ठेवायच्या निमित्तानं आत गेलो आणि जरा वेळ आतच थांबलो.

घरी सांगणं सोपं गेलं नाही. आई रडली. दोन-चार दिवसांनी तिनं विचारलं, "तिकडं जेवाले बराबर भेटते का त्याले?" ती 'त्याले' म्हणाली हे मला ऐकू आलं, तिला स्वतःला ऐकू आलं का, माहीत नाही. बाबा मात्र छोटूचं नाव निघालं की दुकानात जाऊन बसत.

संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला, तेव्हा एक दिवस बाबा म्हणाले, "सौंसरकडं बगीचे कसे आले ते पाहून येऊ." आमचा आणि संत्र्यांचा काही संबंध नव्हता. मी चपला घातल्या.

सुधाकर आणि मिस्त्रीबाई रामाकोन्याजवळच्या एका बगीच्यात कामाला गेल्याचं कळलं. आम्ही तिथं पोचलो. सुधाकर विहिरीत उतरून पंप बसवत होता. मिस्त्रीबाई काठावर बसून वरून सांगत होत्या. बगीच्याच्या मालकानं आम्हाला बाजेवर बसवलं, चहा आणवला. तो बाबांना ओळखत नव्हता. कौतुकानं सांगू लागला, "हा सुधाकर मिस्त्री लय हुशार. दुसरे दोन मिस्त्री हात टेकून गेले होते." मग बाबांच्या तोंडावळ्याकडं पाहून त्यानं विचारलं, "तुमचा कोणी लागते का जी? पोरगा का?"

मिस्त्रीबाईंचं बोलणं थांबलं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, विहिरीतच पाहत राहिल्या. मी कपबशी खाली ठेवली.

बाबांनी चहाचा घोट घेतला. "हो," ते म्हणाले. आणि जरा थांबून म्हणाले, "लहाना."

तेवढ्यात मोटार सुरू झाली. पाइप थरथरला, आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी पाटात पडू लागलं. सुधाकर ओलाचिंब होऊन वर आला आणि बाबांना पाहून पायरीवरच थबकला. बाबा उठले. खांद्यावरचा दुपट्टा त्याच्यापुढं धरून म्हणाले, "डोकं पूस. सर्दी होईन."

परतताना बसमध्ये बाबा मला म्हणाले, "ते बाई एक शब्द बोलली नाही. मले वाटलं होतं, समजावून सांगन." मी हे पुढं मिस्त्रीबाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी समजावलं असतं, त शेठ तेव्हाच नाही म्हणले असते. बापमाणूस हाय."

सगळंच गोड झालं असं नाही. आमच्या एका काकांनी येणं-जाणं तोडलं ते कायमचं. पांढुर्ण्यात दुकानासमोरून जाताना काही जण हसत. सुधाकरनं मग मोहगावला आपलं वेगळं दुकान टाकलं. तिथं त्याला पहिल्यापासून सगळे सुधाकर म्हणूनच ओळखत होते. पुढचं त्याचं आयुष्य ही त्याची गोष्ट आहे. ती त्यानं सांगायची. मी एवढंच सांगतो, की तो आता माझ्यापेक्षा जास्त बोलतो, आणि बहुतेक झालेल्या गोष्टीच सांगतो.

मिस्त्रीबाईंचं आणि त्याचं शेवटपर्यंत जमलं, पण सोबतिणीसारखं नाही. त्यानं मिशी ठेवली तेव्हा त्यांनी तिची मनसोक्त चेष्टा केली. तो कधी बायकांबद्दल काही वावगं बोलला, की त्या पान्हा दाखवत. "पुरुष झाला त चांगला होय. वाईट पुरुष काही कमी नाहीत सौंसरात." कोणी त्या दोघांना एकाच रांगेत बसवलं, की दोघंही एकदमच 'नाही' म्हणत आणि मग एकमेकांकडं पाहून हसत.

दशक संपता संपता कुसुमबाईंची बदली छिंदवाड्याकडच्या त्यांच्या माहेरगावाजवळ झाली. मिस्त्रीबाईंनी एका दिवसाचाही विचार केला नाही. "विहिरी तिकडं बी असतीनच," म्हणाल्या. तिकडं त्यांनी नवं दुकान थाटलं, आणि पुष्कळ वर्षं ते चाललं. आता त्या नाहीत, कुसुमबाईही नाहीत. मला मात्र त्या आठवतात त्या सौंसर सोडतानाच्या.

मी आणि सुधाकर सामान चढवायला गेलो होतो. ट्रक भरून झाला होता. कुसुमबाई केबिनमध्ये बसायला निघाल्या, तेवढ्यात गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. पुढं शेजारची म्हातारी, तिच्या हातात सुपात तांदूळ, नारळ आणि खण.

"हे काय वं माय?" मिस्त्रीबाई म्हणाल्या.

"गल्लीतली लेक निघाली. रिकामी कशी धाडू? ओटी भरतो."

कुसुमबाईंची ओटी भरून झाली. मग म्हातारी मिस्त्रीबाईंकडं वळली आणि अडली. पदर कुठं होता? बायका हसायला लागल्या. मिस्त्रीबाईंनी क्षणभर इकडंतिकडं पाहिलं. मग शर्टाचा पुढचा घोळ पॅन्टीतून बाहेर ओढला आणि दोन्ही हातांनी पसरून धरला. म्हातारीनं त्यात तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. एकेक बाई पुढं येऊन मूठ मूठ टाकत गेली. शर्ट जड होऊन खाली ओढला जात होता.

मिस्त्रीबाईंचे डोळे भरून वाहायला लागले होते. पण दोन्ही हात गुंतलेले. सोडले असते तर ओटी सांडली असती. त्या तशाच, तोंड वर करून, उन्हात उभ्या राहिल्या. शेवटी कुसुमबाई पुढं झाल्या आणि आपल्या पदरानं त्यांचे डोळे पुसू लागल्या.